डेप्थ चार्टमधली गर्दी कशी वाचायची

अमेरिकेतल्या मराठी घरांत अमेरिकन फुटबॉल खेळणारा मुलगा विरळाच. सॉकर, टेनिस, पोहणं यांबद्दल विचारायला मंडळात कुणीतरी सापडतं. पण मुलगा हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अंगाने भरलाय आणि त्याच्या फोनवर कॉलेजच्या कोचचे मेसेज येऊ लागलेत, अशा आईबाबांना विचारायला कुणीच नसतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पुण्या-मुंबईत शनिवारी रात्र जागवून कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. 'पोरगा एवढा गाजला होता, मग बेंचवर का?' हा प्रश्न त्यांना नेहमी पडतो.

कुठलं कॉलेज चांगलं, हे इथे सांगणार नाही. ऑफर आलेल्या कॉलेजात आपल्या मुलाच्या जागेवर आधीच कितीजण उभे आहेत आणि मुळात त्याची जागा कोणती, एवढंच बघू.

१. आधी तक्ता समजून घ्या

मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे अकरा जण असतात. चेंडू पुढे नेणारा संघ ऑफेन्स, त्याला अडवणारा डिफेन्स, आणि किक मारण्या-परतवण्यासाठी उतरणाऱ्या त्या स्पेशल टीम्स. यातल्या प्रत्येक जागेवर कोण पहिला, कोण दुसरा, कोण तिसरा, याची यादी म्हणजे डेप्थ चार्ट. काही कोच ती दर आठवड्याला जाहीर करतात, काही हंगामाच्या तोंडावर एकदा, काही कधीच नाही. जाहीर झालेली यादीही शंभर टक्के खरी मानू नका. दोन नावांच्या मध्ये 'किंवा' टाकलं की दोन्ही खेळाडू खूश आणि समोरचा संघ अंधारात, हे कोचना चांगलं कळतं. खरा क्रम त्या-त्या जागेच्या कोचच्या खोलीत ठरतो आणि तो पाहुण्यांना दाखवत नाहीत. म्हणून आपला तक्ता आपणच बनवायचा.

एक आकडा लक्षात ठेवा. वरच्या श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये, वर्षानुवर्षं एका संघाला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती. त्याखेरीज स्वखर्चाने खेळणारे वॉक-ऑन असायचे, त्यामुळे संघ शंभराच्या बराच वर जायचा. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातल्या (खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढलेल्या) तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि चित्र बदललं. त्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत आता संघ १०५ खेळाडूंचा, आणि कॉलेजची तयारी असेल तर सगळ्यांना स्कॉलरशिप. वाचायला उदार वाटतं. पण 'आधी वॉक-ऑन म्हणून शिरू, मग बघू' म्हणणाऱ्यांसाठी दार अरुंद झालं. टेक्सस टेकमध्ये वॉक-ऑन म्हणून आलेला बेकर मेफील्ड पुढे ओक्लाहोमाकडून २०१७ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. आज तशी सुरुवात करणं पूर्वीपेक्षा कठीण आहे.

२. नावं मोजू नका, वर्षं मोजा

कॉलेजच्या अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण रोस्टर, म्हणजे संघाची यादी, असतो. जागा, उंची, वजन आणि शिक्षणाचं वर्ष, सगळं त्यात मिळतं. एका कागदावर मुलाच्या जागेवरची सगळी नावं उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे त्याची किती वर्षं उरली ते लिहा.

इथे दोन नियम माहीत हवेत. पहिला रेडशर्टचा. खेळाडूला साधारणपणे पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एखाद्या वर्षी तो जवळजवळ खेळलाच नाही, तर ते वर्ष त्याच्या चारांत धरत नाहीत. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत मैदानात उतरूनही वर्ष वाचवता येतं. त्याच वर्षी क्लेमसनच्या केली ब्रायंटने नियमाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पहिल्या चार सामन्यांत तो सुरुवातीपासून उतरला, मग कोचनी नवख्या ट्रेव्हर लॉरेन्सला पुढे केलं, आणि ब्रायंट त्या चार सामन्यांवरच थांबून पुढच्या हंगामात मिझुरीला गेला. म्हणजे रोस्टरवर 'रेडशर्ट फ्रेशमन' दिसला तर तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, आणि त्याच्याकडे अजून चारही हंगाम शिल्लक आहेत.

दुसरा नियम एनएफएल या व्यावसायिक लीगचा: हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिच्या संघांच्या वार्षिक निवडीत, जाता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा चमकदार खेळाडू अजून एक वर्ष तरी कॉलेजातच असणार, कितीही गाजला तरी. तिसऱ्या वर्षाचा मात्र जाऊ शकतो. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

आता मुलगा कॉलेजात पोचेल त्या वर्षाचा तक्ता बनवा, आणि त्याच्या पुढच्या वर्षाचाही. माझ्या मते दुसरा कागद जास्त महत्त्वाचा. पहिल्या वर्षी खेळायला मिळावं हा हट्ट बहुतेक जागांसाठी फोल असतो. अठरा वर्षांच्या मुलासमोर बावीस-तेवीस वर्षांचे, चार-पाच वर्षं वजनं उचलून तयार झालेले गडी उभे असतात. आठ नावांची गर्दी बघून घाबरण्याआधी त्यातले पाच दोन वर्षांत जाणार आहेत का, ते बघा. उलट तीनच नावं असली, पण तिन्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाची असली, तर ती गर्दी जास्त वाईट.

३. 'दुसरा नंबर' प्रत्येक जागेवर सारखा नसतो

नवख्यांचं इथे सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून थोडं थांबून बघू.

क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन ऑफेन्सची चाल चालवणारा, एकच खेळतो. पहिल्याला दुखापत झाली नाही, सामना एकतर्फी झाला नाही, तर दुसरा हंगामभर टोपी घालून बाजूला उभा. पद्माकर शिवलकरांची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको: प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही, कारण डावखुऱ्या फिरकीच्या त्या एका जागेवर बिशनसिंग बेदी होते. क्वार्टरबॅकचं दुखणं तेच. फरक इतकाच, की शिवलकरांना दुसऱ्या देशाकडून खेळता येत नव्हतं. क्वार्टरबॅकला कॉलेज बदलता येतं, आणि तो बदलतो.

ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे समोरच्यांना रोखून धरणाऱ्या फळीत, पाच जण असतात आणि तेही सामन्यात सहसा बदलत नाहीत, कारण त्या पाचांचा मेळ बसणं महत्त्वाचं. पण तिथल्या सहाव्याला मोल आहे. जो गार्डही खेळू शकतो आणि सेंटरही, त्याला पाचातला कुणीही लंगडला तरी आत जायला मिळतं. या जागेवर एक-दोन वर्षं थांबणं हा अपमान नसतो, शरीर घडायला तेवढा वेळ लागतोच.

डिफेन्सिव्ह लाइनचा हिशेब उलटा. तिथले गडी लवकर दमतात, म्हणून कोच त्यांना आलटून-पालटून उतरवतात. या जागेवर दुसऱ्या फळीतला मुलगाही दर सामन्यात भरपूर खेळतो. तेव्हा कागदावर आठ नावं असली तरी ती क्वार्टरबॅकच्या तीन नावांपेक्षा कमी जाचक. पास झेलणारे वाइड रिसीव्हर बहुतेक वेळा तीन एकत्र खेळतात. पासिंगच्या या जमान्यात डिफेन्सही बऱ्याचदा पास अडवणारे डिफेन्सिव्ह बॅक चारऐवजी पाच उतरवतं, म्हणजे तिथेही एक जागा वाढली. रनिंग बॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याचं, काम दोघा-तिघांत वाटून घेतात. मार इतका बसतो की वाटून घ्यावंच लागतं.

किकर, पंटर, लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) या जागांकडे आपले लोक बघतच नाहीत. प्रत्येकी एकच जागा हे खरं, पण इथे उंची-वजनाची अट सैल असते आणि लहानपणापासून सॉकर खेळलेला पाय थेट उपयोगी पडतो. मुलगा पाच फूट नऊ इंच असेल आणि पन्नास यार्डांवरून चेंडू दांड्यांमधून घालत असेल, तर त्याला रिसीव्हर बनवण्याचा अट्टहास सोडा.

४. गर्दी कुणी जमवली ते बघा

रोस्टरवरचे खेळाडू आत्ताच्या कोचने आणलेत की आधीच्या? नवा कोच आला की तो आपल्या पद्धतीची माणसं शोधतो. आधीच्या कोचने टाइट एंडवर (लाइनशेजारी उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) भर दिला असेल आणि नव्याला चार रिसीव्हर पसरून खेळायचं असेल, तर तक्त्यातल्या तीन टाइट एंडांचं काय होणार ते उघड आहे. मुख्य कोच गेला की खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, शिरायची वेगळी मुदतही मिळते, त्यामुळे एका आठवड्यात अर्धी यादी बदललेली दिसू शकते. मुख्य कोचइतकंच लक्ष ऑफेन्स किंवा डिफेन्सच्या कोऑर्डिनेटरवर ठेवा. मुलाचे दिवस त्याच्या हाताखाली जाणार आहेत, आणि यशस्वी कोऑर्डिनेटरला दुसरीकडे बढती मिळायला वेळ लागत नाही.

५. जो स्पर्धक अजून तक्त्यात नाही

ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. याचा अर्थ असा, की तुम्ही मेहनतीने बनवलेल्या कागदावर ज्याचं नावच नाही असा बावीस वर्षांचा, दोन हंगाम खेळून तावून-सुलाखून निघालेला गडी जानेवारीत येऊन मुलाच्या पुढे उभा राहू शकतो.

वेळापत्रक बघा, म्हणजे गोम कळेल. हायस्कूलची मुलं सही करतात ती डिसेंबरच्या सुरुवातीच्या मुदतीत. २०२६ पासून पोर्टलची मुख्य खिडकी २ ते १६ जानेवारी. म्हणजे मुलगा आधी सही करतो आणि त्याच्या जागेवर बाहेरून कोण येणार हे नंतर ठरतं. कोचच्या मनात मात्र डिसेंबरमध्येच आराखडा तयार असतो. म्हणून त्याला सरळ विचारा: 'जानेवारीत तुम्ही या जागेसाठी पोर्टलमध्ये बघणार आहात का?' उत्तर गोलमोल आलं, तर मागच्या दोन-तीन हंगामांत या जागेवर खेळलेल्यांत किती जण हायस्कूलमधून आले आणि किती बाहेरून, ते स्वतः मोजा. ती माहिती जुन्या रोस्टरमध्ये उघड पडलेली असते.

पोर्टलने थांबण्याचं गणित बदललं, पण दोन्ही वाटांनी लोक पोचलेत. जो बरो २०१५ मध्ये ओहायो स्टेटला गेला, तिथे पहिल्या नंबरवर पोचू शकला नाही, २०१८ मध्ये एलएसयूला गेला. २०१९ मध्ये संघ १५–०, हाइझमन त्याला, आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला. मॅक जोन्स २०१७ मध्ये अलाबामाला गेला तेव्हा तिथे जेलन हर्ट्स होता, आणि तुआ टागोवाइलोआ जोन्सच्याच तुकडीतला. जोन्स हलला नाही. २०२० मध्ये पूर्ण हंगाम त्याच्या वाट्याला आला, अलाबामा अपराजित राहून विजेता ठरलं, आणि २०२१ मध्ये तो पंधरावा निवडला गेला.

हर्ट्सची गोष्ट या दोघांच्या मधली, आणि मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध अलाबामा मध्यंतराला ०–१३ मागे होतं. कोच निक सेबननी हर्ट्सला बसवून तुआला उतरवलं आणि सामना जिंकला. हर्ट्स लगेच निघून गेला नाही. पुढचा हंगाम दुसऱ्या नंबरवर काढला, डिसेंबरमध्ये एसईसी या अलाबामाच्या गटाच्या अंतिम सामन्यात तुआ जायबंदी झाल्यावर त्याच जॉर्जियाविरुद्ध येऊन सामना फिरवला, पदवी हातात घेतली, आणि मग ओक्लाहोमाला गेला. दुसरा नंबर असतानाचं ते वर्ष वाया गेलं असं त्याच्याबाबतीत कोण म्हणेल?

आणि तिसरा नंबर? २०१४ मध्ये ओहायो स्टेटच्या ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला, मग जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला. तिसरा कार्डेल जोन्स आला आणि त्याने विस्कॉन्सिन, अलाबामा आणि ओरेगन या तिघांना ओळीने हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. यावर बेत आखू नये, पण हे घडतं.

६. जागा कोणती: मुलगा म्हणतो ती, की कोच म्हणतो ती?

हायस्कूलमध्ये सगळ्यात चपळ, हुशार मुलाला क्वार्टरबॅक करतात. कॉलेजात असे शेकडो क्वार्टरबॅक येतात आणि त्यातल्या बहुतेकांना दुसरी जागा शोधावी लागते. हालचाल साधारण एकाच दिशेने होते, मधल्या गर्दीकडे आणि जास्त वजनाकडे: सेफ्टीचा लाइनबॅकर, लाइनबॅकरचा एज रशर, टाइट एंडचा टॅकल. म्हणूनच भेटीत कोच मुलाचे हात, खांदे, बुटाचं माप बघतो, आणि आईबाबांची उंचीही.

बदल म्हणजे उतरणं, असं मानू नका. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड होता. ती स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन झाला, डिफेन्सिव्ह एंड बनला आणि २०११ मध्ये ड्राफ्टमध्ये अकरावा आला. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये रिसीव्हरचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, झाला. लेन जॉन्सन तर ज्युनियर कॉलेजात (अमेरिकेत हे हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमात टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल, आणि २०१३ मध्ये चौथा निवडला गेला. जेसन केल्सी सिनसिनाटीत रनिंग बॅक म्हणून दाखल झाला होता आणि नाव झालं ते सेंटर म्हणून.

पण दुसरी बाजूही आहे. लमार जॅक्सनला अनेकांना दुसऱ्या जागेवर खेळवायचं होतं. त्याच्या आईने लुइव्हिलचे कोच बॉबी पेट्रिनो यांच्याकडून तो क्वार्टरबॅकच खेळेल असा शब्द घेतला. २०१६ची हाइझमन आणि नंतर एनएफएलमध्ये दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान, हे त्या हट्टातून आलं. ट्रॅव्हिस हंटरचं उदाहरण मात्र मुलांना देऊ नका. कोलोराडोत तो रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक दोन्ही पूर्णवेळ खेळला आणि २०२४ची हाइझमन घेऊन गेला, पण तसा एखादाच.

मग ठरवायचं कसं? कोच काय बोलतात त्यापेक्षा कोणता कोच बोलतो ते बघा. मुलगा स्वतःला क्वार्टरबॅक म्हणवतो, पण दर वेळी फोन डिफेन्सिव्ह बॅकच्या कोचचा येतो, तर निर्णय त्यांच्या बाजूने झालेला आहे. कॉलेजभेटीत त्याला कोणत्या जागेच्या बैठकीत बसवलं, कोणता खेळाडू यजमान म्हणून दिला, याही खुणा. रिक्रूटिंगच्या याद्यांत 'अॅथलीट' असा शिक्का असेल तर जागा ठरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा विचारा: 'पहिल्या सरावाला हा कोणत्या गटात उभा राहील, आणि तिथे जमलं नाही तर पुढचा गट कोणता?'

आपल्या घरांत इथे एक अडचण येते. सरांना उलट प्रश्न विचारू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. कॉलेजचा कोच दिवाणखान्यात येऊन बसला की आई पोहे पुढे करते, बाबा मान डोलावतात आणि प्रश्न पोटातच राहतात. कोचला अशा प्रश्नांची सवय असते, उलट न विचारणाऱ्या घराचं त्याला नवल वाटतं. शक्यतो मुलालाच विचारू द्या.

७. पैसा आणि व्हिसा

तोंडी 'कमिट' कुणालाच बांधत नाही, ना मुलाला ना कॉलेजला. सही करायची ती आर्थिक साहाय्याच्या करारावर. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इन्टेंट २०२४ मध्ये बंद झालं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजही आपल्या उत्पन्नातला हिस्सा थेट देऊ शकतात. या रकमेकडे डेप्थ चार्ट म्हणूनही बघा. एकाच जागेवर तिघांना सारखंच 'तू आमचा भविष्यकाळ आहेस' सांगितलं जातं, पण पैसे तिघांना सारखे मिळत नाहीत.

आपल्यातल्या पुष्कळ मुलांसाठी याआधीचा प्रश्न व्हिसाचा. मुलगा एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून, असेल तर त्याला काम करायची परवानगी नसते, आणि एकवीस पूर्ण झाल्यावर ते अवलंबित्वही संपतं. विद्यार्थी व्हिसावरही कमाईवर कडक बंधनं आहेत. स्कॉलरशिप वेगळी, जाहिरातीचे किंवा हिश्शाचे पैसे वेगळे. त्या दुसऱ्या पैशांवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. कोच किंवा एजंट 'सगळे करतात' म्हणाला, तरी नुकसान त्याचं होणार नाही.

८. खालच्या पायरीकडे तुच्छतेने बघू नका

२०२५ मध्ये एफबीएसमध्ये १३६ संघ होते. त्याखाली एफसीएस, डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, आयव्ही लीगमध्येही नसते, पण आयव्हीत प्रवेशाच्या वेळी कोचचा शब्द उपयोगी पडतो आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते. मोठ्या संघात पाचवा आणि एफसीएसमध्ये दुसऱ्या वर्षीच पहिला, अशी निवड असेल तर मी दुसरीकडे झुकेन. पोर्टल खालून वरही नेतं, आणि वरच्या कोचना खेळलेल्या सामन्यांच्या फिती बघायच्या असतात.

९. सही झाल्यावर

हायस्कूल डिसेंबरमध्ये संपवून जानेवारीतच कॉलेजात दाखल होता येत असेल तर तो विचार जरूर करा. वसंतातल्या पंधरा सरावांत तक्ता बराच हलतो, आणि उन्हाळ्यात येणारा मुलगा तेवढा मागे पडतो. हायस्कूलची शेवटची सहामाही, प्रॉम वगैरे हुकतं, ही किंमत मुलाने स्वतः ठरवून मोजावी.

आणि कधी पोर्टलचा विचार आलाच, तर नाव देण्याआधी दोन गोष्टी तपासा. नाव गेलं की जुनं कॉलेज सत्र संपताना स्कॉलरशिप थांबवू शकतं आणि जागाही राखून ठेवत नाही. नाव देऊन कुठेच न लागलेली मुलं दरवर्षी असतात. दुसरं, क्रेडिट. एका विद्यापीठातले सगळे विषय दुसरीकडे धरले जातातच असं नाही, इंजिनिअरिंगला तर हमखास काही गळतात. प्रगतिपुस्तक घेऊन आपल्या शैक्षणिक सल्लागाराकडे बसा, पदवीला अजून किती सत्रं लागतील ते लिहून घ्या, आणि मगच कम्प्लायन्सच्या, म्हणजे कॉलेजात खेळाचे नियम सांभाळणाऱ्या, कार्यालयात अर्ज द्या. अर्ज दिल्यापासून दोन कामकाजी दिवसांत त्यांना नाव पोर्टलमध्ये टाकावंच लागतं.